शेवंताच्या नातीची पत्रिका

लग्नपत्रिका जमवायचा माझा नाद तुम्हाला माहीतच आहे. पत्रिका आली की लगेच पेटीत. बायकोचं दवाखान्याचं कार्डही मी त्याच पेटीत ठेवतो. परवा तिचं बीपी वाढलं म्हणून तिला जिंतूरला डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कसला घोर लागलाय?"

"शेवंता माझी लहानपणची मैत्रीण. नातीच्या लग्नाला सगळ्या गावाला बोलावलं, मलाच न्हाई. आठ दिस झाले, झोप येईना."

"बरं, मागचं कार्ड दाखवा."

मी पिशवीतून कार्ड काढून दिलं. डॉक्टरांनी उघडलं, तर टेबलावर अक्षता सांडल्या. ते हसत म्हणाले, "आजोबा, ही तर पत्रिका आहे. शेवंताबाईंच्या नातीची. लग्न आजच, साडेबाराला, इथंच जिंतूरात."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. "कवा आली ही?"

"तू रानात गेलतीस तवा. लय देखणी दिसली, म्हणून आधी पेटीत ठेवली. सांगायचं राहिलं बघ."

डॉक्टर बीपीचा पट्टा घेऊन पुढं आले. तिनं पदर सारखा केला आणि ताडकन उठली.

"डॉक्टरसाहेब, त्यो पट्टा आता ह्यांना बांधा. मी चालले लग्नाला."