विमलाबाईंचा रजेचा अर्ज

तात्याराव : नाव झाकलंस म्हणून काय झालं? अक्षर कुणाचं होतं?

तेजश्री : तुमचं. ओळखलं मी. पण पप्पा, ट्रेनिंगमध्ये खरी उदाहरणं लागतात. एचआरच्या फायलीत विमलाबाईंचा तो अर्ज होता, फोटो काढून स्क्रीनवर टाकला. लोक दोन मिनिटं हसले, विषय संपला.

तात्याराव : कशाला हसले? वाच की. माझ्यासमोर वाच.

तेजश्री : 'माय सिस्टर हॅज एक्स्पायर्ड. आय ॲम गोइंग आउट ऑफ स्टेशन. काइंडली ग्रँट फोर डेज लीव्ह अँड डू द नीडफुल.' असं आता कुणी लिहीत नाही, पप्पा. 'डू द नीडफुल' वाचलं की फॉरेनचे क्लायंट मीम बनवतात. आमच्या पोरांनी हे लिहू नये म्हणूनच तर मला पगार मिळतो.

तात्याराव : मग हेही सांगितलंस का त्या पोरांना, की हे शब्द आणले कुणी? 'डू द नीडफुल' काय भाईंदरच्या मिठागरात पिकलं? गोऱ्या साहेबाच्या पत्रांतलं आहे ते. स्टेशन म्हणजे साहेबाच्या नेमणुकीचं ठिकाण. तो बाहेरगावी गेला की आउट ऑफ स्टेशन! त्यांनी शिकवलं, आम्ही जालन्यात कंदिलापाशी बसून घोकलं. आता त्यांनी टाकून दिलं, तर हसायचं आमच्यावर? वा रे न्याय!

तेजश्री : बरोबर आहे तुमचं. पण भाषा बदलते ना.

तात्याराव : बदलू दे की. तू फोनवर काय बोलतेस, ऐकतो मी. 'सर्कल बॅक करू', 'डीप डाइव्ह मारू'. कुठे मारताय, खाडीत? मी हसलो कधी?

तेजश्री : आत्ता हसताय.

तात्याराव : आत्ता डोकं फिरलंय माझं! बत्तीस वर्षं कचेरीत आवक-जावक सांभाळली. काशीगावपासून माणसं अर्ज लिहून घ्यायला येतात, एकाचंही काम अडलं नाही. तुझ्या ॲडमिशनचा अर्जसुद्धा याच शब्दांत लिहिला होता. तेव्हा बरे चालले!

तेजश्री : सॉरी, पप्पा. तुमचं नाव तिथे कुणालाच माहीत नाही.

तात्याराव : माझं मी बघून घेईन. विमलाबाई कुठे होत्या त्या वेळी?

तेजश्री : कुठे म्हणजे? पॅन्ट्रीत. चहा करत असतील.

तात्याराव : चहा घेऊन तुझ्या हॉलमध्ये मागं उभ्या होत्या. इंग्रजी येत नाही, पण मी अर्जावर मारतो ती समासाची लाल रेघ ओळखतात. काल आपल्या जिन्यात थांबवून विचारलं मला, 'भाऊ, माझ्या बहिणीबद्दल तुम्ही असं काय लिहिलं होतं, की सगळे हसत होते?'



तेजश्री : मला माहीत नव्हतं, त्या तिथे होत्या.

तात्याराव : आणि नसत्या, तर चाललं असतं?

तेजश्री : नाही. नसतं चाललं. पप्पा, तुम्ही काय सांगितलंत त्यांना?

तात्याराव : काय सांगणार? म्हटलं, तुमच्या बहिणीबद्दल वाईट काही नव्हतं. त्यांनी मान हलवली. पटलं नाही त्यांना.

तेजश्री : मी जाते खाली, त्यांच्या घरी. आत्ताच जाते. पाय धरते त्यांचे. आणि तो फोटो डिलीट करते, सगळ्यांसमोर सांगते की चूक माझी होती.

तात्याराव : जा. जाताना कागद-पेन घेऊन जा. त्यांना अर्ज हवाय.

तेजश्री : तुम्हीच लिहा ना, पप्पा. तुमच्याच शब्दांत. मी स्वतः नेऊन देते एचआरला. बघते कोण हसतंय ते.

तात्याराव : मी म्हटलं, लिहून देतो. नको म्हणाल्या. 'तेजूला सांगा, तिचं इंग्रजी चालतं तिथे.'

तेजश्री : कसला अर्ज?

तात्याराव : काम सोडतायत त्या. चांगला लिही.