मशीन एक, मतं घरभर

…नाही, पण मी म्हणतो, माणसानं घरात कोणाला काही विचारावंच कशाला? तुम्हाला सांगतो, आमचा दादा तिथंच चुकला! मी त्याचा धाकटा भाऊ, राहतो वरच्या मजल्यावर, पण माझे कपडे धुवायला खाली त्याच्याकडेच, त्यामुळे यात बोलायचा मला काही अधिकार नाही… तरी बोलतो!

तर दादाचं जुनं मशीन वारलं. आजारी होतंच हो! कपडे पिळायला लागलं की थडथडत बाथरूममधून बाहेर यायचं, पॅसेजमध्ये फेरफटका मारायचं, आई भिंतीला चिकटून त्याला वाट करून द्यायची, "जा बाबा, जा," म्हणायची. त्या दिवशी मात्र लांबच्या प्रवासाला निघालं… नळी तोडून, वायर उपटून, थेट हॉलमध्ये, आत्याच्या खाटेला टेकलं आणि गप्प! कायमचं! मागोमाग पाणी आलं ते वेगळंच.

आता शहाणा माणूस काय करतो? दुकानात जातो, नवं घेऊन येतो. पण दादाचं काम पडलं डोळे तपासायचं! दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या नाकावर भिंगं बदलत विचारतो, "आता बरं दिसतंय… की आता? हे… की हे?" ठरवायचं समोरच्यानं! तशातच सगळे जेवायला बसलेले असताना यानं विचारलं, "वरून उघडणारं घेऊ या… की पुढून?"

झालं!

आई म्हणाली, "वरूनच! पुढचं दार एकदा लागलं की मेलं उघडत नाही. तुझा एक मोजा कायम मागाहून सापडतो, तो काय मशीनच्या गळ्यात बांधू?" वहिनी इस्पितळात नर्स, ती म्हणाली, "पुढूनच, आणि गरम पाण्याचं. माझ्या कपड्यांवर दिवसभरात काय काय उडतं ते सांगू का? आत्ता? जेवताना?" आत्या, म्हणजे आमच्या वडिलांची बहीण, हिला मांजर चाललं तरी जाग येते, ती म्हणाली, "काहीही घ्या, पण आवाज नको. मागचं माझ्या अंगावर आलं होतं!" दादाच्या जुळ्या मुली फुटबॉल खेळतात, अर्धं मैदान अंगावर घेऊनच घरी येतात, त्या एका सुरात, "बाबा, काचेचं दार! आत बघायचं असतं!" अरे, सिनेमा लागणार आहे का आत? आणि धुवायचे काय, तर कपडे!

वाद काही मिटेना, कपडे काही थांबेनात. मळक्या ढिगाखाली आधी खुर्ची गेली, मग टेबल गेलं, मग त्या ढिगामागं खिडकी होती हेच आम्ही विसरलो! शेवटी दादा लग्नातला सूट घालून कामाला जायला लागला, कारण घरात धुतलेलं तेवढंच उरलेलं. तिकडे पेशंट घाबरायचे… "डॉक्टर, एवढे सुटाबुटात… काही वाईट बातमी आहे का?"

मग वहिनी कडाडली, "उद्या मला इस्पितळात घालायला काही नाहीये. आज मशीन आलं नाही, तर उद्या तुमचा सूट मी घालणार!"

गेली वरात दुकानात! आईच्या काखेत मळक्या कपड्यांचं गाठोडं… "वापरून बघितल्याशिवाय मी घेणार नाही!" विक्रेता टाय सावरत म्हणाला, "आजी, हे स्मार्ट आहे. कपडे ओळखतं." आई म्हणाली, "ओळख काढून काय करायचीय? धुवायचेत!" आत्या म्हणाली, "आवाज ऐकवा." तो म्हणाला, "इथं पाण्याची लाइन नाहीये, मॅडम." तर आत्यानं काय म्हणावं? "मग तुम्ही तोंडानं काढून दाखवा!"

आणि काढला हो त्यानं! एकेका मशीनपाशी उभा राहून… "घुंऽऽऽ!" "नको, कण्हतंय." "घर्रऽऽऽ!" "नको, हे घोरतंय." बिचाऱ्याचा घसा बसला. कोपऱ्यातल्या शेवटच्या मशीनपाशी त्याच्या तोंडून नुसतंच निघालं, "हूंऽऽऽ…" आणि आत्या खुर्चीत गाढ झोपली!

आई ओरडली, "हेच!" बघतो तर काय, त्याला गरम पाणी होतं, काचेचं दार होतं, आणि त्या दारात एक छोटी झडप… मागाहून मोजा टाकायला! आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. दादा सवयीनं म्हणाला, "नक्की ना? हे… की—" "हेच!!!" आत्या दचकून उठली. आणि धुवायचे काय, तर कपडे!

मशीन आलं. तुम्हाला सांगतो, ते बोलतं! बटण दाबलं तर गोड आवाजात, "कृपया दार बंद करा." आई धावत जाऊन घराचं दार लावून आली, आत्यानं बाल्कनीचं लावलं, मी फ्रिजचं! शेवटी वहिनीनं मशीनचं लावलं. तर म्हणतं, "कपडे जास्त झाले आहेत. कृपया कमी करा."

तोंडाचे आवाज काढून घेतले, झडप बघितली, काच बघितली… पण आत कपडे किती मावतात, हे एकानंही विचारलं नव्हतं!

आता कोणाचे काढायचे? वहिनीची उद्याची ड्यूटी, मुलींची मॅच, आत्याची चादर, आईची शाल… सगळ्यांनी दादाकडे बघितलं. मी? माझ्या चार जीन्स होत्या आत, मी छताकडे बघत होतो! दादानं निमूट आपला शर्ट काढला. "कपडे जास्त झाले आहेत." पँट काढली. "कृपया कमी करा." बनियन, टॉवेल, मोजे… पार शेवटचा रुमालसुद्धा काढला, तेव्हा मशीन म्हणालं, "धन्यवाद. धुलाई सुरू होत आहे."

तेव्हापासून हेच. मशीन आमचे धुतंय, शेजारी बादलीत दादा स्वतःचे! काल मलाच लाज वाटली. म्हटलं, "दादा, परत कर, मोठं घेऊन ये."

तो शर्ट पिळत म्हणाला, "राहू दे रे. इतक्या वर्षांत मला धन्यवाद म्हणणारं या घरात हे पहिलंच आलंय."