लेबल कापसाचं

...अन् वरून पाटी लावायची, 'उघडलेला माल परत घेतला जाणार नाही'! आता तुमीच सांगा, कापूस असतोय दुलईच्या पोटात, लेबल असतंय अंगावर, मग उघडल्याबिगर कळंल कसं? हे डोकं माजं न्हाई बरं, तानुबाईचं. तिचा नवरा चंद्रभान, त्यानं तर जल्मात कुण्या दुकानदाराला 'जरा दुसरं दाखवा' म्हणलेलं न्हाई...

तर झालं काय, लेक निकिता बाळंतपणाला आलेली, नातू अठरा दिवसांचा. चंद्रभाननं सेलूहून लेकराला दुलई आणली, अन् ऐटीत लेबल वाचून दाखवलं, 'शंभर टक्के शुद्ध कापूस'. अन् लेकरू? घामानं निथळायलंय, पाठीवर लाल पुरळ, रडू-रडू आवाज बसलेला. तानुबाईनं दुलई नुसती चिमटीत धरली... चाळीस वर्षं कापूस येचलेली बोटं हायत ती, तुमाला सांगतो. 'हे बोंडातून निघालेलं न्हाई,' म्हणली, अन् टराटरा शिवण उसवली.

'अगं, आता परत कोण घेतंय?'

'उघडल्याबिगर कळंल कसं?'

निघाली की सेलूला. काखेत दुलई, मागं चंद्रभान, मनातल्या मनात देवाला नारळ कबूल करत. दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं, पाटीकडं बोट केलं अन् लय गोड आवाजात, 'मावशी, शिवण उसवलीय ना. नियम हाय, माज्या हातात काय न्हाई.'

भांडली असती तर चंद्रभानला एकवेळ परवडलं असतं. पर ती उंबऱ्याबाहेर जाऊन बसली, पिशवीतून काडीपेटी काढली अन् घरच्या कापसाचा पुंजका पेटवला. भुर्रकन जळाला, चिमूटभर राख, फुंकर मारली की गायब. मग दुलईतला पेटवला... काय सांगू, ते वितळायलंय, आकसायलंय, काळी कुळकुळीत गोळी झाली, वास असा की दुकानात आलेल्या बायांनी नाकाला पदर लावला अन् आणखी पुढं सरकल्या. कापूस पिकवणाऱ्या सेलूची गिऱ्हाइकं ती, त्यांना कापूस शिकवायला मास्तर लागतोय का?

गार झालेली गोळी तिनं गल्ल्यापुढं लेबलावर ठेवली. 'दादा, ह्यात कापूस कुठं हाय तेवढं दाखवा, मी गुमान जाते. न्हाईतर परभणीला गिऱ्हाइकाचं कोर्ट हाय म्हणं, तिथं दाखवते. खोटं लेबल तुमचं, उसवायची पाळी माजी... उघडल्याबिगर कळंल कसं?'

दुकानदारानं गर्दीकडं बघितलं, गोळीकडं बघितलं, अन् सगळे पैसे परत दिले, पूर्ण! चंद्रभान बायकोकडं असा बघायला लागला, जशी आजच लग्न होऊन आलीय. त्याच पैशातून रुई घेतली, आता तिच्या हातची दुलई होणार, नातू झोपणार.

येष्टीत बसल्यावर चंद्रभानला जरा हिंमत आली. हळूच म्हणतो, 'का गं, सोयरीक जुळवताना माज्या आयनं तुज्या बापाला सांगितलं व्हतं, पोरगा व्यवहाराला लय पक्का हाय म्हणून. मग मला का न्हाई परत केलंस?'

तानुबाई खिडकीबाहेर बघत म्हणली, 'करणारच व्हते. पर उघडून नीट बघेस्तवर तुमची आय वारली. आता परत द्यायचं कुणाला?'