उतराले माही ना नव्हती

…आन् वरतून मलेच इचारते, "शालिग्राम, तू उतरला काहून नाही?" आता बोला! ज्याचा पाय मोडला त्यालेच इचारते, आन् ज्याच्या चाकाखाली मोडला तो गादीवर बसून सुपारी कातरते. नाही, तुमीच सांगा बाप्पाहो, तुमी बाहेरगावचे, शिरपूरच्या जत्रेले चालले, तुमाले इथं कोनाचा धाक नाही... बसा न अंमळ. टेकवा त्या सायकली निंबाले. हां, अशा. उन्हाचे कुठं मरता, शिरपूर काही पळून नाही जात. हे हातातली घंटी? सांगतो, तेही सांगतो, पयले पायाचं आयका. मी वाशीमकडं तोंड करून बसलो का नाही? आन् हा उजवा पाय पाहा, शिरपूरकडं पाहून राह्यला. हाडवैद म्हने, जुळला. जुळला तं जुळला, पन कोन्या अंगानं जुळवू हे इचारून तं घ्याचं!

आता उतराले माही ना नव्हती. हे पयले ध्यानात ठेवा, मंग पुढचं.

आमच्या गावात पयलेपासून रीत हाय, उकंडराव देशमुखाच्या दारासमोरून कोनी बसून जात नाही. घोड्यावर असला तं उतराचं, बंडीत असला तं उतराचं, चपला हातात घ्याच्या, दार मांगं गेलं का मंग चढाचं. नवरदेव असो, तापानं फनफनलेला असो. एक बाई बाळंतपनाले माहेरी येत होती, बंडीत कन्हत कुंथत, तं तिलेबी उतरवलं, आन् तिथं दारातच तिले पोट्टं झालं. उकंडराव म्हने, "पाहा, माह्या दारासमोर पोटातलं पोट्टंबी उतरते." असे हासले सारे! मीबी हासलो. तवा मले कुठं माईत का पुढचा नंबर आपलाच हाय.

सायकल मले सासऱ्यानं देल्ली, लग्नात. गावातली पयली सायकल, बरं का. तिच्या जोरावर मले वाशीमच्या कापसाच्या जिनात काम भेटलं, रुई तुडवाचं. गाठी बांधाच्या प्रेसच्या पेटीत उभं राहाचं आन् पायानं रुई दाबत जाचं, दाबत जाचं, सारा पायाचाच खेळ. मुकादम म्हने, "शालिग्राम, तुहे पाय नाहीत, जमीन ठोकाची धुम्मस हाय." त्या पायावर माहं घर उभं होतं, माही बायको सोजर, दोन लेकरं, म्हातारी, सबन! आन् दिवस उगवाच्या आंधी जिनाच्या दारात हजर नाही झालं, का पेटीत दुसऱ्याचे पाय घुसलेच समजा.

पन माही एक अडचन होती. मले सायकल चढता येये, चालवता येये, उतरता येत नव्हतं. हासू नका! सकाळी घरच्या ओट्याले सायकल लावाची, ओट्यावरून टांग टाकाची, आन् थेट जिनाच्या भितीले जाऊन टेकाचं. मधात कुठं थांबाचंच झालं तं रस्त्यानं मैलाचे दगड हायेतच, दगडावर पाय ठेवला का उतरलो. सरकारनं ते दगड माह्यासाठीच गाडले असं वाटे मले. आता देशमुखाच्या दारासमोर दगड हाय का? नाही. मंग मी काय करो, गावाच्या मांगून, नाल्याच्या काठानं, काट्याकुट्यातून फेरा घालून जाओ, पन दारासमोरून जाचं काम नाही. सोजर म्हने, "उतरनं शिकून काहून नाही घेत? शेंबडे पोट्टे उतरतात." म्या म्हनलं, "आपल्याले मधात उतरून जाचं कुठं हाय?" असा ताठा! घ्या आता ताठा.

मंग उकंडरावानं अकोल्याहून मोटार आनली. काळी चकचकीत, समोर पितळी दिवे, आन् चालवाले रतनसिंग, खाकी टोपी घालून, जसा काही तोच देशमुख. मोटारीची पूजा झाली, आन् दुसऱ्या दिवशी दवंडी. काय दवंडी? तं देशमुख जिथं, तिथं त्याचं दार! आयकलं का? पयले दार घरी राहे हो, आपल्याले माईत असे कुठून चुकवाचं. आता दार चाकावर फिराले लागलं. वाशीमच्या रस्त्यानं दार, शिरपूरच्या रस्त्यानं दार, कवा मांगून येईन, कवा समोरून येईन. अशा दाराले फेरा कसा घालाचा, सांगा बरं?

उतराले माही ना नव्हती हो. पन दगड तं आला पाह्यजे!

त्या दिवशी मी चाललो जिनात, याच रस्त्यानं, याच वळनावर. मांगून भोंगा. पों... पों... म्या मान नाही वळवली, कारन मान जिकडं वळवो तिकडंच माही सायकल जाये. रतनसिंग वरडते, "उतर बे! मालक हायेत गाडीत!" मी वरडतो, "उतरतो! त्या पुढच्या दगडाजवळ उतरतो!" तो म्हन्ते, "आत्ता उतर!" मी म्हन्तो, "दगड येऊ द्या न!" उकंडराव मांगून म्हन्ते, "याचा दगड कवा येईन आन् मी कवा जाईन? घे पुढं!" आन् मोटार आली का बाजूले, अशी, हाताच्या अंतरावर.

म्या मनात म्हनलं, शालिग्राम, उतरनं तं जमत नाही, निदान रामराम तं घाल. आता पाहा मानूस कसा मरते. बसल्याबसल्या एका हातानं रामराम म्हंजे देशमुखाले शिवीच. माह्या बापानं एक डाव बंडीतून तसा घातला होता, तं त्याले भर उन्हात चावडीसमोर ओनवा उभा केला, पाठीवर गोटा ठेवून. बाप मरेपर्यंत वाकूनच चाले. तवा आपल्याले रीत पक्की माईत! म्या दोन्ही हात सोडले. दोन्ही! जोडले, कपाळाले लावले, म्हनलं, "रामराम मालक!"

पन सायकलले कुठं रीत माईत? ते गेली आडवी, सरळ मोटारीखाली.

आन् काय सांगू, उकंडराव उतरला! जलमात पयल्यांदा कोनासाठी उतरला. मले नालीत पडल्यापडल्या भरून आलं, म्हनलं, "मालक, तुमी कायले तरास घेता." तं तो जाऊन बसला मोटारीच्या दिव्याजवळ. दिवा फुटला होता. रतनसिंग रडाले लागला, "मालक, डोळा गेला हो हिचा!" उकंडराव त्याच्या पाठीवरून हात फिरवते. म्या म्हनलं, "मालक, माहा पाय गेला. मोटारीत घालून नेता का दवाखान्यात?" रतनसिंग नाक पुसून म्हन्ते, "गादी नवी हाय, रगत लागन." तेही खरंच हाय.

मंग कडब्याची बंडी आली, तिच्यात टाकलं मले आन् सायकलले. बंडी हाकलली नाही तं मांगून पों... बंडीवाला उतरून बाजूले उभा. मोटार गेली पुढं. काही विसरलं म्हनून वापस आली, हा पुन्हा उतरला, पुन्हा चढला. मी बोंबलून राह्यलो, आन् तो मले समजावते, "भाऊ, खरं तं तूबी उतराले पाह्यजे होतं. पन जाऊ दे, आज तुहा पाय बरा नाही."

असं घडीघडी उतरता-चढता दवाखाना कवा येईन, घरीच टाकलं. हाडवैद आला, पाय जुळवला, तो हा असा. सासरा धावत आला, दारातच सायकल पडली होती, तिच्या वाकलेल्या चाकाले कवटाळून रडला, मंग पानी पेला, मंग सोजरले इचारलं, "आन् जावई?" जिनातून मुकादमाचा निरोप, दुसरा मानूस ठेवला. चूक नाही त्याची. शिरपूरकडं पाहनारा पाय वाशीमची रुई कसा तुडवन?

आन् जरा उठून बसाले लागलो का देशमुखानं बोलावलं. बाजेसकट नेलं चौघाईनं. दाराजवळ आल्यावर थांबले, म्हन्तात, उतर. हो, बाजेवरून! उतरलो, घासत घासत. सारा गाव जमला होता, आन् तवा त्यानं इचारलं, "तू उतरला काहून नाही?" म्या खरं तेच सांगतलं, "मालक, उतराले माही ना नव्हती. मले उतरता येत नाही." असा हासला गाव! उकंडराव तं डोळे पुसे. सोजरबी पदराआड हासली, म्या पाह्यलं. मंग दिव्याच्या बदल्यात सायकल घरून आनवून ठेवून घेतली त्यानं.

पन मोठा मानूस, दया आली. म्हने, "पायानं गेला, हातानं तं नाही गेला." घंटी तेवढी सायकलची काढून माह्या हातात देल्ली, आन् या निंबाखाली बसवलं. दोन टाइम भाकर येते. काम काय? तं मोटार येन्याच्या आंधी सायकलवाले उतरवाचे. सायकली वाढल्या न आता, आन् दिवा दर डावाले अकोल्याहून आनावा लागते.

पयले मी घंटी वाजवून वरडो, "उतरा रे!" लंगड्याचं कोन आयकते? एकानं तं गोटा मारला. एक जवान पोट्टं हासत हासत पुढं गेलं, तुमच्यावानीच जत्रेले चाललं होतं, नवी टोपी घालून. ते टोपी तेवढी भेटली चांगली. त्या दिवशी बंडीबी नव्हती रस्त्यानं, आन् असती तरी काही कामाची नव्हती.

तवापासून घंटी वाजवनं सोडलं म्या. निस्ती गोष्ट सांगतो. हुकमानं कोनी उतरत नाही बाप्पाहो, दुसऱ्याचा मोडला पाय पाहाले सारे उतरतात.

ते पाहा, धूळ उठली तिकडं. चला, उभे राहा, चपला काढा, जोडा हात. दोन्ही जोडा, आता काही भेव नाही, सायकली निंबाले हायेत. कायले रागावता? उतराले तुमची तरी कुठं ना होती!