लग्नाच्या बँडातला क्लारनेटवाला

मी मूळचा शिवाजी पेठेतला. आमच्या घरातच बँड हुता, लग्नाचा, चुलत्याचा, वडील ढोल वाजवायचे आन् मिसरूड फुटायच्या आधीच माझ्या हातात क्लारनेट दिलं. तालमीतली पोरं फुटबॉल खेळायला जायची, मी माडीवर फुकत बसायचा. लाल कोट, त्येला सोनेरी दोऱ्या, आत नुसता घाम. आन् काय सांगू तुमास्नी, लग्नात वाजवणाऱ्याकडं कोण बघत न्हाय. लोकास्नी नाचायचं असतंय, ढोल पायजे, क्लारनेट असलं काय न् नसलं काय.

तर एकदा गडमुडशिंगीत लग्न हुतं. वरात निघाली आन् रस्त्याकडंला एक बस बंद पडलेली, सगळी फुलं रंगवलेली, आत हिप्पी. गोव्याला निघालेली माणसं ती. गड्यांचे बी केस कमरंपतुर. बसचा पार्ट यायला वेळ हुता म्हणून सगळी वरातीत घुसली आन् नाचाय लागली, गाव हसून हसून बेजार. त्यातला एक उंच गडी मात्र नाचला न्हाय. भुवईवर वण हुता त्येच्या. तो माझ्या म्होरं उलटा चालत ऱ्हायला, उलटा बरं का, तोंड माझ्याकडं, देवळापतुर. वरात थांबली तसा खाली धुळीत बसला आन् हातानं खुणावलं, अजून वाजव. मी वाजवलं. डोळं मिटून ऐकत ऱ्हायला. माझं वाजवणं कुणीतरी खाली बसून ऐकलं, ते पयल्यांदा.

यान त्येचं नाव. हॉलंडचा. ढोलकीसारखं कायतरी वाजवायचा, दोन बोटांनी, लई हलक्या हातानं. बस सुरू झाल्यावर म्हणला, चल. म्हणजे खुणेनंच. मी विशीतला, घरात कोणाला इचारलं न्हाय, गेलो तसाच लाल कोटात.

ती थंडी सगळी गोव्यात काढली. सांजच्याला वाळूत बसायचं, कोण गिटार, कोण बासरी, यानचं ते दोन बोटांचं, आन् मी. मी आपलं लावणीचं वाजवायचा, भूपाळी वाजवायचा, ती मागनं सूर धरायची. चिलीम फिरायची, मी घेतली न्हाय कधी. फुकाय दम लागतोय की, म्हणून. त्यास्नी ते लई भारी वाटायचं. आजारी पडली की मात्र लेकरागत रडायची ती, आईचं नाव घ्यायची. मी पेज करून घालायचा. भाषा कुणाची कुणाला येत न्हवती, पण अडलं न्हाय बगा कुठं.

मग पेठेतला एक ट्रकवाला हुडकत आला, म्हणला, बहिणीचं लगीन ठरलंय, वडलांनी बोलावलंय. मी यानला खुणेनं सांगितलं, गळ्यात हार घालतात तसं करून दाखवलं, म्हणलं, लगीन झालं की आलो परत. आन् गेलो. लगीन झालं, तेवढ्यात वडलांच्या अंगावरनं वारं गेलं, एक हात लुळा पडला, ढोल बंद. बँड कोण बघणार. केस कापलं, कोट धुऊन घातला, लागलो कामाला. ते गेलं ते गेलंच.

पेठेत लोकं मला हिप्पी दत्त्या म्हणायची. सांगाय गेलं की हसायची, म्हणायची, गोऱ्या बायका बघाय गेलता हा. माझी बायको शालन, ती तेवढी ऐकायची. भाकरी थापत इचारायची, मग पुढं काय वाजवलंसा? शंभरदा ऐकलं असंल तिनं. हितं राजारामपुरीत पोरानं फ्लॅट घेतला आमच्यासाठी, सामान लावलं आन् वर्षात ती गेली. पोरगं पुण्याला. हितं दारं बंद असतात सगळ्यांची. पेठेत कसं, खोकला आला तरी कोणतरी इचारायचं.

पोरानं भिंतीएवढा टीव्ही लावून दिलाय. त्या रिमोटमध्ये बोललं की ऐकतोय त्यो. एकदा दुपारचं मी त्यात म्हणलं, हिप्पी. आन् पावणं, सिनेमेच सिनेमे आले. जुने, खरे, माणसं बोलत्यात असले. चिखलात नाचणारी गर्दी, ती गाणी, ती रंगवलेली गाडी. मला इंग्रजी न्हाय कळत, पण बघत बसायचा. गोव्याचं आलं की मागची माणसं बघायचा मी, चहावाला, मासेवाला, पोरं. त्यांची नावं येत न्हाईत खाली. गोऱ्यांचीच येतात.

असंच एका सिनेमात एक म्हातारा आला. टक्कल, मागं बाग, खुर्चीत बसलेला. बोलता बोलता गुडघ्यावर दोन बोटं वाजवाय लागला. मी जाग्यावरच उभा ऱ्हायलो. भुवईवर वण. यान! पण बोलतोय काय ते कळंना. तसाच शेजारी गेलो, तिथं एक मॅडम ऱ्हातात, शाळंतनं रिटायर झालेल्या, म्हणलं, एवढं वाचून सांगा.

त्यांनी खालची अक्षरं वाचली. आमच्यात लग्नाच्या बँडातला एक क्लारनेटवाला हुता, म्हणतोय. लाल कोट घालून आलता. आम्ही सगळे हौशी, खरा वाजवणारा त्यो एकटा. बहिणीच्या लग्नाला गेला, परत येतो म्हणला. सगळी उठून गेली, मी पाऊस लागंपतुर थांबलो त्येच्यासाठी. आन् आता मला त्येचं नाव आठवत न्हाय.

मॅडम माझ्याकडं वळल्या. ते तुम्हीच का?

मी म्हणलं, दत्तोबा. त्यांस्नी न्हाय, टीव्हीकडं बघून म्हणलं.

पोराला फोन केला, तर म्हणला, पप्पा, तोच कशावरनं? मीटिंगमध्ये हुता, ठेवला. मॅडमनी मात्र यानला फोनवर हुडकायचं मनावर घेतलं, म्हणल्या, बोलायला लावते तुमास्नी. खुणा तरी कशा करायच्या फोनवर, त्येचा इचार करत बसलो. दुसऱ्या दिवशी आल्या, बसल्या न्हाईत. दाराशीच म्हणल्या, सिनेमा जुना हाय हो. ते गेले.

आता दात न्हाईत, क्लारनेट लागत न्हाय. तेवढा भाग लावतो अधनंमधनं, दोन बोटं बघतो, बंद करतो. वाईट एवढंच वाटतंय, की शालन असती तर तिला दाखवलं असतं, म्हणलो असतो, बघ, थांबलता त्यो. त्येचं बी कुठं असंल तिथं बरं होवो, त्येच्या लेकराबाळांचं बरं होवो, माणूस चांगला हुता.

तुमी लिवताय न्हवं, मग नाव तेवढं नीट घाला. हिप्पी दत्त्या नको. दत्तोबा घाला.