पायथ्याची होल्मलोग

जबाब देणार: सिगब्रित आल्क्विस्त, वय ७२ वर्षे, धंदा: रूनशिलांची अक्षरे रंगवणे (आता निवृत्त), राहणार एन्शोपिंगजवळ, स्वीडन.

समक्ष हजर राहून सांगते ते असे.

हजार वर्षांपूर्वीच्या या कोरीव दगडांची अक्षरे मी चाळीस वर्षे सरकारी परवान्याने लाल रंगाने भरली. तक्रारीतील सदर शिला १९८४ साली चर्चच्या आवारात मीच रंगवली. मजकूर एवढाच: होल्मलोगने मुलगा ऐलीफ याच्या आठवणीसाठी दगड उभारला, तो मासेमारीला गेला असता बुडाला. पैकी होल्मलोगचे नाव पायथ्याशी असून तेव्हा मातीत होते. थंडी होती. मी उकरले नाही.

मागील वर्षी शिला संग्रहालयात आणली. संचालक हाम्पुस लिल्या याने ती 'जिवंत' करायचे ठरवले. दगडाला हात लावला की पडद्यावर ऐलीफ उठतो, तलवार उपसतो आणि रेडिओवर खिम्याच्या गोळ्यांची जाहिरात करणाऱ्या नटाच्या आवाजात गर्जतो. बिचारा जाळे घेऊन गेला होता. यंत्राने फक्त लाल अक्षरे टिपली, त्यामुळे आई त्यात नाहीच. पायथा आता उघडा आहे, पण सगळा उजेड पडद्यावर. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय.

मी दोन पत्रे लिहिली. उत्तर नाही, म्हणून जाऊन भेटले. हाम्पुस कॉफी ढवळत म्हणाला, "सिगब्रित, लोकांना तलवार हवी असते. आया सगळ्यांच्या घरी आहेत."

मी म्हणाले, "दगड तिने उभारलाय, तुझ्या नटाने नाही."

त्यावर पुढच्या वर्षी बघू म्हणाला. माझे वय वर लिहिलेले आहे.

गुरुवारी सकाळी ११.२० वाजता मी तिकीट काढून आत गेले, दगडापुढे गुडघे टेकले आणि नाव रंगवायला घेतले. वर ऐलीफ बोंबलत होता. पहारेकऱ्याने दंडाला धरून उठवले. तो सभ्यपणे वागला. हाम्पुसचे म्हणणे, मी प्राचीन ठेवा विद्रूप केला. हे त्याने म्हणावे!

परवाना संपल्याचे मला माहीत होते. गुन्हा कबूल आहे. पण माझा पहिला गुन्हा १९८४ चा. त्याची फिर्याद कोणी दिली नाही, कारण जिने द्यायची ती मेलेली आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे. जप्त केलेला ब्रश परत मिळावा. तिच्या नावाची दोन अक्षरे राहिली आहेत.