चुन्याच्या डबीएवढा कॅमेरा

...आणि वर तो मॉलमधला कॅमेरे विकणारा पोरगा मलाच विचारतो, "सर, फोर के पाहिजे का फाइव्ह के?" आता मी काय सांगू? अहो, मी कंपनीत प्रेस मशीनवर उभा राहणारा माणूस, मला काय कळतंय त्यातलं? मी म्हणलं, बाबा, जेवढे के असतील तेवढे तुझ्यापाशीच ठेव, मला फक्त रस्ता दिसला पाहिजे!

तुम्हाला सांगतो, सायकलवर लावायचा कॅमेरा घेण्याइतकं अवघड काम जगात नाय. पोरगी बघायला गेलो होतो तेव्हाबी एवढे प्रश्न कुणी विचारले नव्हते. शीलाच्या बापानं दोनच विचारले, दारू पितो का अन् मेंढरं किती? झालं लग्न! अन् हा कॅमेरा चुन्याच्या डबीएवढा... त्याच्यासाठी पन्नास प्रश्न!

तुम्ही म्हणाल, बिभीषणराव, तुम्हाला कॅमेरा लागतोच कशाला? बरोबर आहे. डॉक्टरनं शुगर सांगितली म्हणून मी दर रविवारी सायकल मारणार, त्याचं काय शूटिंग करायचंय? पण माझ्यासाठी नव्हताच ना तो. आबांसाठी होता.

आबा म्हणजे माझे वडील, त्रिंबक. जलमभर मेंढरांमागं हिंडलेला माणूस. पडेगावातून निघायचं, मिटमिट्याच्या कडंनं, शरणापूरच्या टेकडीखालून थेट दौलताबादच्या अंगाला, अन् दिवस कलायच्या आत माघारी. साठ वर्षं एकच वाट! मग एक साल पाऊस झाला नाय, दुसऱ्या सालीबी नाय, टँकरचं पाणी माणसालाच पुरंना तर मेंढरांना कोण देतो? एक दिवस व्यापाऱ्याचा टेम्पो आला. सगळी चढली. त्यात एक लंगडी होती, कायम सगळ्यांच्या मागं राहायची. तिला आबांनी सोता उचलून वर ठेवली. अन् घरी येऊन गॅलरीत जे बसले ते बसलेच. समोर काय? तर बारा मजली बिल्डिंगची भिंत! पडेगावात, बारा मजली! जिथं आम्ही बोरं खात होतो तिथं आता लिफ्ट वर-खाली करायलीय.

गुडघे गेले, जिना उतरवंना, बोलणं बंद. आबा, जेवता का? हूं. चहा टाकू का? हूं. डोळ्यांदेखत माणूस कमी कमी होत चालला होता हो... अन् मला ते बघवत नव्हतं.

फक्त रविवारी बोलायचे. मी सायकलवरून आलो, बूट काढले, की गॅलरीतून आवाज यायचा.

"बिभ्या, कुठनं गेला व्हता?"

"आपल्याच वाटंनं, आबा."

"वढ्यावरच्या चिंचंला चिंचा हायत का?"

"बघितलं नाय."

"बिरोबाच्या ठाण्याला चुना मारला का यंदा?"

"तेबी नाय बघितलं..."

"मंग डोळे काय हितं खुंटीला टांगून गेला व्हता का रं?"

संपलं! पुढच्या रविवारपर्यंत गप्प. मग शीलाच म्हणाली, "अहो, तुम्हाला नाय दिसत तर एखादा बघणारा न्या की सोबत! लोकं लावतात तसा कॅमेरा लावा सायकलला. अन् लवकर लावा, प्लॉटिंगवाले रोज नवे दगड रोवायलेत तिकडं. वाट राहायची नाय, अन् आबाबी..." पुढं बोललीच नाय ती. मलाबी ऐकायचं नव्हतं.

आता कॅमेरा घ्यायचा तर विचारायचं कुणाला? कंपनीत ऋतुराज म्हणून आहे, सायकलवाल्यांच्या ग्रुपात असतो, चड्डी अशी घालतो की बघणाऱ्यालाच श्वास घ्यायला त्रास होतो. तो म्हणाला, "काका, सगळं सोडा, स्टॅबिलायझेशन बघा! खड्ड्यातून जा, दगडावरून जा, व्हिडिओ हलणार नाही, एकदम लोण्यासारखा!" म्हणलं, लोणी काय करायचंय रे, मला फक्त रस्ता दिसला पाहिजे!

मग गेलो शहागंजच्या बाजारात. दुकानातले चाचा लई हौशी. "मामू, ये देखो! तीस मीटर पानी के अंदर बी चलता, इसको कुच नै होता!" तीस मीटर पाणी! म्हणलं चाचा, आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, हर्सूलच्या तलावात पोरं क्रिकेट खेळायलीत, तुम्ही मला तीस मीटर पाणी दाखवा, मी आत्ता कॅमेरा घेतो! तर चाचा हसले, कॅमेरा हातात धरला अन् दुकानात जागच्या जागी असे नाचले, असे नाचले... अन् मग व्हिडिओ दाखवला. जराबी हलंना! शोकेस जागच्या जागी! माझी मती गुंग झाली. दिवाळीचा बोनस होता, घेतला.

आता लावायचा कुठं? आधी छातीवर बांधला. घरी येऊन टीव्हीला जोडला, आबांना कॉटवर बसवलं. टीव्हीवर काय, तर माझेच दोन गुडघे, एक वर, एक खाली, एक वर, एक खाली... आबांनी लई वेळ बघितलं अन् म्हणले, "हे दोन बोकड कुणाचे रं?"

मग डोक्यावर बांधला, तर मी मागून येणाऱ्या ट्रकला भिऊन दर मिनिटाला मान वळवलेली, बघणाऱ्याला उलटी व्हायची वेळ. शेवटी हँडलला लावला. अन् काय सांगू तुम्हाला, काय तो व्हिडिओ! मिटमिटा आलं, टेकडी आली, चिंच आली, बिरोबाचं ठाणं आलं, पांढरंशुभ्र... शीला तर पदर सावरून बसली टीव्हीसमोर. मी आबांकडं बघतोय, आता बोलतील, मग बोलतील...

आबा म्हणले, "ही आपली वाट नव्हं."

म्हणलं, आबा, नव्हं कशी? ही चिंच! हे ठाणं!

"चिंच आसंल. पण चिंचंच्या फुडं ओघळ हाय, तिथं माणूस खाली जातो अन् वर येतो. तू खाली गेलाच नाय. मंग ठाण्यापतोर गोटे हायत, पायाला लागतेत. ह्यात गोटे कुटं हायत? कुण्या सायबाची वाट दावायला तू मला."

बोंबला! लोण्यासारखा होता ना तो! ज्याचे पैसे मोजले होते त्यानंच आमची वाट खाल्ली!

गेलो परत शहागंजला. चाचा, हे न हलणारं बंद करून द्या. चाचांनी चष्मा काढला. "मामू, दुनिया हिलना बंद कराने कू आती, तुम हिलाने कू आये?" म्हणलं व्हय चाचा, आमचा म्हातारा पायानं बघतो. चाचांनी चष्मा परत घातला, बटण शोधून दिलं, अन् चहा पाजला.

पुढचा रविवार. टीव्ही असा हादरायला लागला की शीला उठून आतच गेली. पण आबा... आबा कॉटवर पुढं सरकून बसले. ओघळ आला तसे खाली वाकले, वर आला तसे ताठ झाले. हातात काठी. म्हणले, "व्हय. हीच." अन् तेवढ्यात ओरडले की!

"हळू! हळू रं बिभ्या! लंगडी मागं ऱ्हायली!"

शीला पळत दारात आली. मी वळून आबांच्या तोंडाकडं बघायलो. लंगडी जाऊन दोन वर्षं झाली... तर आबाच हसले. दोन वर्षांनी हसले!

"तोंडाकडं काय बघता? मला काय याड लागलं नाय. मेंढरं गेली ते ठावं हाय मला, मीच चढवली. पण तू सायकल पळवतो अन् मंग म्हनतो चिंच दिसली नाय. रान दिसायचं तर शेवटच्या मेंढराच्या चालीनं जावं लागतं. लंगडीमुळंच तर दिसलं मला सगळं."

आता बोला!

तेव्हापासून काय, सायकल हातात. व्हय, हातात! कॅमेरा हँडलला, सायकल शेजारी, अन् मी आपला पायी पायी. चिंचेखाली दहा मिनिटं थांबायचं, लंगडी येईस्तोवर. गेल्या महिन्यात ओढ्यापलीकडं वाटेतच भिंत लागली, नवी, प्लॉटिंगची. मी उभाच राहिलो. कॅमेरा भिंतीकडं बघतोय, मी भिंतीकडं बघतोय. वाटलं, हे काय दाखवायचं आबांना? पुसून टाकावं. नाय पुसलं. घरी आबांनी ती भिंत लई वेळ बघितली. मग काठी उचलली अन् टीव्हीला डावीकडनं टेकवली. "हिकडनं घाल. मेंढराला भिंत नवी नाय." पुढच्या रविवारी बघतो तर काय, डावीकडनं खरंच वाट होती!

आता ते रोज बोलतात, जेवतात, शीलाला नावं ठेवतात. शनिवारीच सुरू होतं, "बिभ्या, डबी चार्ज केली का?"

मी? माझी शुगर होती तिथंच आहे. ऋतुराजची सगळी पलटण भर्रकन जवळून जाते अन् विचारते, "काका, पंक्चर का?" व्हय म्हणतो. अन् त्यानं मोबाइलमध्ये ते सायकलचं ॲप घालून दिलंय ना, तेबी दर पाच मिनिटाला खिशातून विचारतं, तुम्ही थांबलेले दिसता, राइड संपली का?

संपती कशी बाबा... लंगडी मागं आहे अजून!